सहा महिने थांब

(आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. सातवी झाले आणि शाळा सुटली. त्यानंतर चारचौघींत उभे राहून तोंड उघडले ते उखाणा घेण्यापुरतेच. पण गेल्या महिन्यात चिटणीसबाई आमच्या घरी आल्या होत्या. आमच्या वन्संच्या पेन्शनीची हकीकत त्यांनी ऐकली आणि म्हणाल्या, "हे सारे असेच्या असे वर्धापनदिनी सांगा. पाककृती काय, दरवर्षीच होतात." म्हणून उभी राहिले आहे. चुकले माकले सांभाळून घ्यावे.

आपल्याकडे म्हण आहे, 'सरकारी काम, सहा महिने थांब.' लहानपणापासून ऐकत आले. पूर्वी मला वाटे, ही म्हण सरकारी कामाची थट्टा करते. आता वाटते, ज्याने ही म्हण केली तो फार भाग्यवान असला पाहिजे. आमचे काम सहा महिन्यांत झाले असते तर मी आळीत साखर वाटली असती. आम्हांला पूर्ण चोवीस महिने लागले. त्या चोवीस महिन्यांचा हिशेब आज तुमच्यापुढे मांडायचा आहे. त्यात कचेरीकडे किती गेले ते सांगणार आहेच. पण माझ्याकडे किती गेले तेही सांगणार आहे, नाहीतर हिशेब खोटा होईल.

आमच्या वन्सं तुम्ही पाहिल्या आहेतच. माझ्याहून सहा वर्षांनी मोठ्या. दोन वर्षांच्या असताना ताप आला आणि उजवा पाय लुळा पडला. पोलिओ. त्या काळी आजच्यासारखे दोन थेंब पाजायला घरोघर कोणी येत नव्हते. पल्स पोलिओची मोहीम १९९५ साली सुरू झाली, आणि २०१४ साली आपला देश पोलिओमुक्त जाहीर झाला. फार मोठे काम झाले, त्याचा आनंदच आहे. पण रोग गेला म्हणून ज्यांना तो आधी होऊन गेला ती माणसे काही गेली नाहीत. ती आपल्या घरांतून आहेत, आता पन्नाशीला आली आहेत, आणि त्यांच्यामागची आईबापे एकेक करून गेली आहेत.

वन्सं बसून खाणाऱ्यांतल्या नव्हेत. पायमशीन चालवता येत नाही म्हणून सासऱ्यांनी त्यांना हातमशीन घेऊन दिली होती. तिच्यावर त्यांनी तीस वर्षे झबली, परकर, ब्लाउज शिवले. तुमच्यापैकी कितीजणींच्या मुलांनी त्यांच्या हातची झबली घातली असतील. एका हाताने चाक फिरवायचे आणि दुसऱ्या हाताने कापड सरकवायचे. असे तीस वर्षे केल्यावर उजवा खांदा धरला. हात खांद्यावर जाईना. शिवण सुटली, तशी मिळकतही सुटली. त्याच सुमारास पायाच्या कॅलिपरचा पट्टा तुटला. तो त्यांनी जुन्या लुगड्याचा काठ फाडून बांधला. "सध्या चालते आहे, बघू पुढे," म्हणाल्या. त्या काठावर त्यांनी दोन वर्षे काढली.

आमच्या घरी कमाई ह्यांच्या एकट्याची, तीही रोजंदारीची. वन्संना कोणी काही कमी केले नाही. पण खाणाऱ्याला खाऊ घालणे वेगळे आणि त्याच्या हातात त्याचा पैसा असणे वेगळे. वन्सं चहाचा दुसरा कप घेईनाशा झाल्या, तेव्हा मला ते कळले.

मुलगी कॉलेजात जाते. ती म्हणाली, "आत्याला पेन्शन मिळेल, अर्ज करू या." वन्सं आधी तयारच होईनात. "हात धड आहेत माझे, सरकारपुढे कशाला पसरू?" मग मुलीने वाचून दाखवले. आपल्या राज्यघटनेच्या ४१ व्या कलमात लिहिले आहे की बेकारी, म्हातारपण, आजार आणि अपंगत्व यांत राज्याने आपल्या ऐपतीप्रमाणे माणसाला साहाय्य करावे. २०१६ साली दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा झाला. त्यात तर असे आहे की अशा योजनांत इतरांना जेवढे मिळते त्याहून दिव्यांगांना निदान पंचवीस टक्के जास्त द्यावे, कारण त्यांचा जगण्याचा खर्चच जास्त असतो. हे ऐकल्यावर वन्सं म्हणाल्या, "कायद्यात लिहिले असेल तर ती भीक नव्हे." आणि त्यांनी ट्रंकेतून आपले कागद काढले. हा २०२३ चा ऑगस्ट महिना.

आता योजना कोणती ते सांगते, कारण पुष्कळजणींचा यात घोटाळा होतो. एक केंद्र सरकारची आहे, इंदिरा गांधींच्या नावाची, २००९ साली सुरू झालेली. तिला ऐंशी टक्के अपंगत्व लागते आणि दारिद्र्यरेषेखाली नाव लागते. दुसरी आपल्या राज्याची, संजय गांधी निराधार अनुदान योजना. ती १९८० पासून आहे. तिला चाळीस टक्के अपंगत्व पुरते. आपण सगळ्याच जणी तिला 'निराधारची पेन्शन' म्हणतो. आम्ही सुरुवात केली त्याच सुमारास महिन्याला हजाराचे दीड हजार झाले होते. आम्ही अर्ज केला तेव्हा दिव्यांगांसाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला पन्नास हजारांची होती, आणि पंधरा वर्षांचा रहिवास दाखवावा लागे. वन्संचे रेशनकार्ड सासऱ्यांच्या मागे वेगळे झालेले होते, म्हणून आम्हांला वाटले, आपले काम सोपे आहे.

पहिली ठेच दवाखान्यात लागली. वन्संजवळ अपंगत्वाचा जुना दाखला होता, एका शिबिरात मिळालेला, शाईने लिहिलेला, वर गोल शिक्का. तो चालेना. २०२१ च्या जूनपासून दाखले फक्त संगणकावरून मिळतात, आणि त्याबरोबर ओळखपत्र येते, ज्याला यूडीआयडी कार्ड म्हणतात. त्यासाठी आधी सेतू केंद्रात अर्ज भरायचा, मग ठरलेल्या वारी जिल्ह्याच्या गावी जाऊन डॉक्टरांच्या बोर्डापुढे उभे राहायचे.

भगिनींनो, 'उभे राहायचे' हा शब्द मी सहज वापरला, पण जी माणसे उभी राहू शकत नाहीत त्यांचीच ती रांग असते. एसटीचे तिकीट २०२३ पासून आपल्याला अर्धे झाले हे खरे, पण एसटीची पायरी अर्धी झालेली नाही. वन्संना चढवायला दोघी लागत. पहिल्या खेपेला हाडांचे डॉक्टर रजेवर होते. दुसऱ्या खेपेला कळले की आधारकार्डावर वन्संचे घरात हाक मारायचे नाव आहे आणि शाळेच्या दाखल्यावर पाळण्यातले. ते एक करण्यात दीड महिना गेला. तिसऱ्या खेपेला तपासणी झाली. तिघा डॉक्टरांनी पाय मोजला, वाकवला, टक्के काढले. बावन्न. वन्सं परत येताना एसटीत म्हणाल्या, "पन्नास वर्षे हा पाय ओढते आहे, पण तो बावन्न टक्के आहे हे आज कळले." आम्ही दोघीही हसलो. पिवळे कार्ड हातात पडले तेव्हा २०२४ चा फेब्रुवारी उजाडला होता. हा दाखला किती दिवसांत द्यायचा याला २०१७ च्या नियमांत एक महिन्याची मुदत होती. २०२४ च्या ऑक्टोबरात नियम बदलून ती तीन महिन्यांची झाली. आम्हांला सहा महिने लागले.

आता माझी चूक सांगते. मामलेदार कचेरीच्या बाहेर एक गृहस्थ बसत. गोड बोलणारे. म्हणाले, "बाई, तुम्ही कशाला हेलपाटे घालता? कागद द्या, दोन हजार द्या, बाकी माझ्याकडे लागले." मी थकले होते. ह्यांना न सांगता भिशीचे दोन हजार त्यांच्या हातावर ठेवले. पावती नाही, पोच नाही, काही नाही. आणि घरी येऊन वन्संना सांगितले, "अर्ज कचेरीत गेला बरे का."

मार्चात लोकसभेच्या निवडणुकीची आचारसंहिता लागली. ते गृहस्थ म्हणाले, आता जूनपर्यंत काही हालत नाही. मला खरे वाटले. जून गेला. वन्सं दर दोन-चार दिवसांनी विचारीत, "काही कळले का गं?" आणि मी सांगे, "येईलच आता." जुलै संपता संपता मी स्वतः कचेरीत गेले. कारकूनबाईंनी वही पुढून मागून पाहिली, संगणकात पाहिले. नाव नव्हते. अर्ज आलेलाच नव्हता. पाच महिने आम्ही ज्या अर्जाची वाट पाहत होतो तो अर्ज कचेरीत कधी गेलाच नव्हता. कागद त्या गृहस्थांच्या पिशवीतच होते. उत्पन्नाचा दाखला तर ३१ मार्चलाच शिळा झाला होता. दोन हजार काही परत मिळाले नाहीत.

ही गोष्ट मी घरी सांगितली नाही. कोणत्या तोंडाने सांगणार?

ते दिवस लाडक्या बहिणीच्या अर्जांचे होते. तुम्हांला आठवत असेल, आळीतल्या साऱ्याजणी कागद घेऊन धावत होत्या. मीही भरला. जिला दुसऱ्या योजनेतून तेवढेच पैसे मिळतात तिला ही मिळत नाही, म्हणून वन्संचा भरला नाही. त्यांचे दुसरीकडून येणारच, असे मी आधी धरून चालले होते. जुलैत अर्ज आणि ऑगस्टात माझ्या खात्यात दोन महिन्यांचे तीन हजार जमा. मी धडधाकट बाई, माझे काम दीड महिन्यात झाले. त्याच घरात कॅलिपरला लुगड्याचा काठ बांधून बसलेल्या बाईचे वर्षभरात झाले नव्हते. मनावर घेतले तर अर्ज हलतात, हे मी त्या महिन्यात डोळ्यांनी पाहिले. म्हणूनच मनाला जास्त लागले.

वन्सं म्हणाल्या, "तुझे आले, फार चांगले झाले." मनापासून म्हणाल्या. आणि मग सहज विचारले, "माझ्या अर्जाचे काय झाले गं?"

त्यांनी सहज विचारले, पण माझ्या मनात चोर होता. मी चिडले. म्हणाले, "किती वेळा विचाराल? तुमच्या पायी माझ्या चपला झिजल्या!"

शब्द तोंडातून गेला आणि माझा मलाच ऐकू आला. तुमच्या पायी. आपण दिवसातून दहा वेळा असे बोलतो, त्यात पाय असतो हे ध्यानातही येत नाही. पण ज्या बाईला बोलले तिचा सारा जन्म त्या पायापाशी अडला होता. वन्सं काही बोलल्या नाहीत. पायावरून पदर सारखा केला आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, "माझ्या पायी कोणाच्या चपला झिजू नयेत. अर्ज राहू दे."

त्यानंतर महिनाभर त्यांनी अर्जाचे नाव काढले नाही. कागद ट्रंकेत गेले. घरात बोलणे चालणे होते, पण मीठ कमी पडलेल्या आमटीसारखे. शेवटी गौरी येऊन गेल्यावर एका रात्री मी त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि सारे सांगितले. ते गृहस्थ, ते दोन हजार, ते पाच महिने. वन्संनी ऐकून घेतले. रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "अगं, अर्ज माझा होता ना? मग एकदाही मला का नाही नेलेस?"

भगिनींनो, या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. दवाखान्यात त्यांच्यावाचून चालत नव्हते म्हणून नेले. कचेरीत मात्र मी त्यांना कधीच नेले नाही. जिना चढणे होणार नाही, त्यांना त्रास, मला त्रास, असे म्हणून मी एकटीच जात राहिले, आणि अर्ज त्यांचा असून मी तो माझा करून बसले. आपण दुसऱ्यासाठी धावतो तेव्हा असे होते. धावण्याचे पुण्य आपल्याला लागते आणि ज्याचे काम आहे तो घरी बसून 'काय झाले' एवढे विचारण्यापुरता उरतो.

सप्टेंबरात आम्ही दोघी कचेरीत गेलो. ताजा उत्पन्नाचा दाखला घेतला. पेन्शनीचा विभाग पहिल्या मजल्यावर आहे. सार्वजनिक इमारतींत दिव्यांगांना जाता येईल अशी सोय करण्याची कायद्याची मुदत २०२२ सालीच सरली, पण जिन्याला ते कोणी सांगितलेले नाही. वन्सं खाली बाकावर बसल्या. मी वर जाऊन कारकूनबाईंना सांगितले. आणि त्या बाई, ज्यांना मी मनातल्या मनात किती बोल लावले होते, त्या रजिस्टर घेऊन स्वतः खाली आल्या. वन्संची सही घेतली, अर्जाची पोच दिली, तिच्यावर तारीख आणि क्रमांक घातला. जाताना म्हणाल्या, "मावशी, माझ्या एकटीच्या टेबलावर सगळ्या तालुक्याचे निराधार, विधवा, वृद्ध आहेत. मी मुद्दाम कोणाचे ठेवत नाही." ते खरे होते. त्यांच्या टेबलामागचा ढीग मी पाहिला होता.

मग अर्ज पुढे का जात नाही? याचे कारण मला हळूहळू कळले. कोणीही 'नाही' म्हणत नाही. 'नाही' म्हटले तर निदान भांडता येते. प्रत्येक कागद दुसऱ्या कागदाची वाट बघत बसलेला असतो. अर्जावर निर्णय तालुक्याच्या समितीच्या बैठकीत होतो. ऑक्टोबरात विधानसभेची आचारसंहिता लागली, बैठक नाही. नोव्हेंबरात निवडणूक झाली, पुढे नवे वर्ष लागले, तरी बैठक नाही. मार्च आला आणि उत्पन्नाचा दाखला पुन्हा शिळा होण्याच्या वाटेला लागला. एक कागद हाती येईतो दुसरा नासतो, दूध आणि विरजण कधी एका वेळी घरात नाही, अशी गत. याला म्हणतात भिजत घोंगडे.

या वेळी वन्संनी स्वतः लेखणी घेतली. त्यांचे अक्षर मोत्यासारखे आहे, हे घरात कोणाला ठाऊकच नव्हते. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ चा आहे. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून अर्ज करता येतो, आणि तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. वन्संनी तीनच प्रश्न लिहिले. माझ्या अमुक क्रमांकाच्या अर्जावर आजपर्यंत काय कारवाई झाली? तो सध्या कोणाकडे आहे? त्यात काही त्रुटी असल्यास ती मला कोणत्या तारखेला कळवली? हा २०२५ चा एप्रिल.

मे महिन्यात उत्तर आले. त्रुटी होती. बँकेच्या पासबुकाची झेरॉक्स पुसट आली होती, खाते क्रमांक वाचता येत नव्हता. बस, एवढेच. आणि ती त्रुटी आम्हांला कोणी कळवली नव्हती. दोन रुपयांच्या झेरॉक्ससाठी अर्ज कपाटात पडून होता. दुसऱ्या दिवशी स्वच्छ झेरॉक्स आणि नवा उत्पन्नाचा दाखला नेऊन दिला. जूनमध्ये बैठक झाली आणि मंजुरी आली.

तरी पैसे येईनात. २०२४ च्या डिसेंबरपासून हे अनुदान आधारशी जोडलेल्या खात्यातच थेट जमा होऊ लागले आहे. वन्संचे खाते जोडलेले आहे असे आम्ही समजत होतो, ते नव्हते. त्यात आणखी दोन महिने. शेवटी २०२५ च्या ऑगस्टात पहिले दीड हजार आले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून दिव्यांगांचे अडीच हजार झाले आहेत.

आता हिशेब. दवाखान्याचे सहा महिने. माझ्या एजंटाचे पाच. माझ्या जिभेचे आणि लाजेचे दोन. कचेरीचे नऊ. बँकेचे दोन. एकूण चोवीस. यातले सात महिने माझ्या पदरचे आहेत, ते मी कोणावर ढकलत नाही. पण उरलेले सतराही कमी नाहीत. आम्हांला मागचे काही मिळाले नाही, मंजुरीपासूनच मिळाले. म्हणीप्रमाणे सहा महिन्यांत काम झाले असते तरी अठरा महिन्यांचे दीड हजाराप्रमाणे सत्तावीस हजार होतात. कचेरीत उशीर म्हणजे नुसता उशीर. गरिबाच्या घरी तो सत्तावीस हजारांचा असतो, आणि कॅलिपरला बांधलेल्या काठाचा असतो.

पहिल्या पैशातून वन्संनी काय केले? आधी पट्टा नवा घातला. आणि संध्याकाळी मला म्हणाल्या, "आज चहा जरा जास्त टाक." भगिनींनो, मला त्या दिवशी जे मिळाले ते त्या दीड हजारांत मोजता येणार नाही.

यातून जे शिकले ते थोडक्यात सांगते. पोच घेतल्याशिवाय कागद हातचा सोडू नये. पोच नसेल तर अर्जही नाही, असे समजावे. मधल्या माणसाला पैसे देऊ नयेत. प्रत्येक कागदाची झेरॉक्स घरी ठेवावी आणि ती वाचता येते की नाही ते चष्मा लावून पाहावे. उत्पन्नाचा दाखला मार्चअखेर शिळा होतो हे ध्यानात ठेवावे, आणि तो सगळ्यांत शेवटी काढावा. आधार, बँक आणि शाळेचा दाखला यांवर नाव एकच आहे ना ते आधीच जुळवून पाहावे, आणि खाते आधारशी जोडलेले आहे ना ते बँकेत विचारून खात्री करावी. उत्पन्नाच्या, रहिवासाच्या दाखल्यांना लोकसेवा हक्काच्या २०१५ च्या कायद्याने दिवस ठरवून दिले आहेत. ते दिवस कार्यालयाच्या फलकावर लिहिलेले असले पाहिजेत. मुदत टळली तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येते, ते तीस दिवसांच्या आत करावे. विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशेपासून पाच हजारांपर्यंत दंड सांगितला आहे. तरीही दाद लागली नाही तर जिल्हाधिकारी कचेरीत दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, तिथे जावे. आणि सगळ्यांत महत्त्वाचे, ज्याचा अर्ज आहे त्याला बरोबर न्यावे. ते जमत नसेल तर निदान रोज घरी येऊन खरे काय ते सांगावे.

आता आपल्या मंडळाविषयी दोन शब्द, म्हणजे माझे संपले.

आपल्या आळीत असे अर्ज अडकलेली आणखी चार घरे मला ठाऊक आहेत. माझी सूचना अशी की मंडळाने एक वही घालावी. तिच्यात कोणाचा अर्ज, कोणत्या तारखेचा, पोच क्रमांक काय, पुढे कधी विचारायचे, एवढेच लिहावे. दर महिन्याच्या सभेत ती वाचावी. आणि कचेरीत जाताना कोणीही एकटीने जाऊ नये, दोघींनी जावे. एकटी बाई गेली तर 'उद्या या' हे ऐकून परत येते. दोघी गेल्या तर एक विचारते, 'उद्या म्हणजे किती वाजता?' ही वही ठेवायला आमच्या वन्सं तयार आहेत. अक्षराची हमी मी घेते.

पण त्यात एक अडचण आहे. वही मंडळाच्या खोलीत राहणार, आणि मंडळाच्या खोलीला तीन उंच पायऱ्या आहेत, कठडा नाही. आपण कचेरीच्या जिन्याला नावे ठेवतो. मी या मंडळात वीस वर्षे येते आहे. वन्सं आमच्या घरापासून इथवर, पन्नास पावलांवर, या वीस वर्षांत दोनदा आल्या, दोन्ही वेळा कोणाच्या तरी खांद्यावर हात ठेवून. त्यांनी कधी अर्ज केला नाही, आपण कधी विचारले नाही. हेही भिजत घोंगडेच म्हणायचे, आणि ते कोणत्या सरकारचे नव्हे, आपले आहे. म्हणून माझी विनंती आहे की पायऱ्यांच्या एका बाजूला सिमेंटची उतरण आणि धरायला कठडा करून घ्यावा. गवंड्याच्या एका दिवसाचे काम आहे. वन्संनी त्यासाठी आपल्या पेन्शनीतले पाचशे रुपये माझ्याजवळ दिले आहेत. आणि त्याबरोबर या वर्षीची स्वतःची वर्गणीही. आजवर त्यांची वर्गणी मी भरत होते. या वेळी त्यांनी भरू दिली नाही.

हे पैसे मी आता चिटणीसबाईंच्या हवाली करते. पावती मात्र आजच द्यावी, तारीख घालून. मी आता पोच घेतल्याशिवाय जागची हलत नाही.